काळ्या रेघांचा गुलाबी दगड: ऱ्होडोनाइटवर तुमची पत्रं

मागच्या अंकात रोझ क्वार्ट्झवर लिहिताना जाता जाता ऱ्होडोनाइटचं नाव घेतलं होतं, एकच ओळ, आणि या महिन्यात निम्मी पत्रं त्या एका ओळीवरच आलीत. बरं वाटलं खरं सांगायचं तर, कारण हा दगड माझ्या लाडाचा आहे. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, जयपूरला फिरायला गेले होते तेव्हा गुलाबी दगडाचं पेंडंट घेतलं, दुकानदार म्हणाला ऱ्होडोनाइट आहे. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं यावर काळे डाग आहेत, जुना माल मारला तुझ्या गळ्यात. खरंच डागाळलेलं आहे का? डाग काढता येतील का? (ठाणे)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की डाग आहेत म्हणूनच जरा निर्धास्त राहा. काळी रेघ ही या दगडाची ओळख आहे, ती काढायला जाऊ नका, निघणारही नाही.

होतं काय की ऱ्होडोनाइट म्हणजे मुळात मँगनीजचं सिलिकेट, म्हणजे मँगनीज, सिलिका, सोबत थोडं कॅल्शियम आणि लोह. त्याचा गुलाबी रंग मँगनीजचाच, वेगळं काही घातलेलं नसतं. पण हेच मँगनीज दगडाच्या बारीक भेगांमधून पाणी आणि हवा आत गेली की ऑक्साइड होऊन काळं पडतं, वांगं चिरून ठेवलं की कसं काळं पडतं साधारण तसं, फक्त इथे वांग्याच्या पाच मिनिटांऐवजी हजारो लाखो वर्षं धरायची. लहानपणी तुम्ही टॉर्चचा जुना सेल फोडला असेल तर आतून काळी पूड निघायची ना, जी हाताला लागली की साबणाने पण जायची नाही, ती मँगनीज डायऑक्साइडची. तुमच्या पेंडंटमधली रेघ त्याच घराण्यातली आहे. म्हणजे गुलाबी पण मँगनीज आणि काळं पण मँगनीज, एकच धातू दोन अवतारात.

नावाचं म्हणाल तर ग्रीकमध्ये ऱ्होडॉन म्हणजे गुलाब, हिमालयात फुलतो तो ऱ्होडोडेंड्रॉन त्याच शब्दावरून आलाय. हे नाव १८१९ मध्ये जर्मनीत पडलं.

आता तुमच्या सासूबाईंच्या शंकेतला खरा भाग. काळी रेघ खोटी असू शकते! रंगवलेला स्वस्त दगड ऱ्होडोनाइट म्हणून विकतात आणि वर काळ्या रेघा मारतात. ओळखायचं कसं तर एक भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि रेघेच्या मागे मागे जा. खरी रेघ जाड बारीक होत जाते, मध्येच फाटे फुटतात, कडेने झाडाच्या फांदीसारखी पसरते, आणि मुख्य म्हणजे दगडाच्या कडेवरून वळून मागच्या बाजूलाही दिसते कारण ती भेग आहे, दगडाच्या आत गेलेली आहे. मारलेली रेघ वरच्या वर संपते. मग कापसावर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे घासा. कापूस गुलाबी झाला तर सासूबाई जिंकल्या.

प्रश्न: रोझ क्वार्ट्झ, ऱ्होडोनाइट, ऱ्होडोक्रोसाइट... सगळे गुलाबी, सगळ्यांची नावं ऱ वरून! ऑनलाइन मागवताना फोटोवरून कसं ओळखायचं? (पुणे)

फोटोवरून ओळखायच्या भानगडीत पडूच नका असं माझं मत आहे, फोनचा कॅमेरा गुलाबी रंगाचं काय करेल सांगता येत नाही. पण वस्तू हातात आली की काम सोपं होतं.

रोझ क्वार्ट्झ दुधाळ असतो, फिकट गुलाबी, प्रकाश थोडा आरपार जातो, काळ्या रेघा नसतात. ऱ्होडोक्रोसाइट म्हणजे मँगनीजचं कार्बोनेट, त्यात गुलाबी पांढऱ्या लाटा असतात, थरावर थर, कांदा आडवा कापल्यासारखे. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात कापिइतास नावाची खाण आहे तिथलं हे प्रसिद्ध, आणि अर्जेंटिनाचा तो राष्ट्रीय दगड. ऱ्होडोनाइट मात्र मळकट गुलाबी ते लालसर, बहुतेक वेळा अपारदर्शक, आणि काळं जाळं.

कठीणपणात फरक मोठा आहे. काचेच्या बांगडीवर क्वार्ट्झ सहज ओरखडा काढतो कारण तो मोह्‌सच्या मोजपट्टीवर ७, ही कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी. ऱ्होडोनाइट साडेपाच ते साडेसहा, म्हणजे साधी घरातली सुरी त्याच्यावर जेमतेम काहीतरी करू शकते किंवा काहीच नाही. ऱ्होडोक्रोसाइट साडेतीन ते चार, त्याच्यावर सुरीने सरळ चर पडते. दागिन्यावर हे करायला जाऊ नका प्लीज, सुटा तुकडा असेल तरच, आणि तोही मागच्या बाजूला.

मला स्वतःला वजनाची टेस्ट आवडते कारण त्यात दगडाला ओरखडाही पडत नाही आणि मुलांनाही मजा येते. किचनमधला डिजिटल काटा घ्या. आधी कोरडा दगड तोला. मग काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा आणि काटा झिरो करा. आता दगडाला शिवणाचा दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हातात लटकवून धरा, जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. माझ्याकडच्या तुकड्याचं परवाच करून पाहिलं, कोरडा ४३ ग्रॅम, पाण्यात लटकवल्यावर काटा म्हणाला १२, भागाकार साधारण ३.६, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ३.६ पट जड. ऱ्होडोनाइट ३.४ ते ३.७ च्या आसपास येतो, क्वार्ट्झ २.६५, संगमरवर २.७, रेझिनची नक्कल तर दीडच्याही खाली. म्हणजे क्वार्ट्झचा मणी आणि ऱ्होडोनाइटचा तेवढाच मणी हातात घेतले तर ऱ्होडोनाइट एक तृतीयांशाने जड लागतो, हाताला सवय झाली की काटा पण लागत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, छोट्या मण्याला हा काटा चालत नाही, ४० ग्रॅमच्या पुढचा तुकडा हवा नाहीतर सोनाराचा काटा मागा, आणि ऱ्होडोक्रोसाइट पण ३.७ च्या जवळ येतो म्हणून त्या दोघांमध्ये वजन कामाचं नाही, तिथे लाटा की जाळं ते बघा.

प्रश्न: माझी मुलगी मॉस्कोला मेडिकलला आहे. तिने मेट्रो स्टेशनचा व्हिडिओ पाठवला, खांबांना स्टीलच्या पट्ट्या आणि मध्ये गुलाबी दगड. तुम्ही म्हणता तोच का हा? एवढा महागाचा दगड स्टेशनला लावतात? (नाशिक)

तोच! तुमच्या मुलीने पाठवलेलं स्टेशन माझ्या अंदाजाने मायाकोव्स्काया असावं, १९३८ मध्ये उघडलेलं, आर्किटेक्ट अलेक्सेई दुश्किन. स्टेनलेस स्टीलच्या कमानी आणि त्यांच्या जोडीला उरल पर्वतातला ऱ्होडोनाइट. वर छतात मोझाइक आहेत, तिला म्हणा पुढच्या वेळी मान वर करून चाल, पण गर्दीत नको. १९३९ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात या स्टेशनला ग्रँड प्राइझ मिळालं होतं. युद्धात लोक इथे बॉम्बपासून लपायला यायचे आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये स्टालिनचं भाषण याच प्लॅटफॉर्मवर झालं होतं, जर्मन फौजा मॉस्कोच्या तोंडाशी असताना.

आता स्टेशनला का लावतात, तर रशियात हा दगड अंगठीपेक्षा मोठ्या वस्तूंसाठीच जास्त वापरला गेलाय. येकातेरिनबुर्ग शहराच्या दक्षिणेला मालोये सेदेल्निकोवो नावाचं गाव आहे, तिथे अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी हा सापडला आणि त्याचे चांगले मोठे मोठे ठोकळे निघायला लागले. गावातले लोक त्याला ऑर्लेत्स म्हणायचे, ऑर्योल म्हणजे गरुड. गोष्ट अशी सांगतात की गरुड हे गुलाबी खडे उचलून घरट्यात नेऊन ठेवायचे, मग लोकांनी पण बाळाच्या पाळण्यात ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे पाळण्याला काळा दोरा बांधतात तसंच काहीतरी. गोष्ट गोष्ट म्हणून ऐका.

मोठ्या वस्तू म्हणजे किती मोठ्या? सेंट पीटर्सबर्गला पीटर आणि पॉल कॅथेड्रलमध्ये रशियाच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत, जवळजवळ सगळ्या पांढऱ्या संगमरवराच्या, एकसारख्या. त्यात दोनच वेगळ्या दिसतात. एक झार अलेक्झांडर दुसरा याची, हिरव्या जास्परची, आणि तिच्या शेजारी गुलाबी, त्याची बायको मारिया अलेक्सांद्रोव्हना हिची, ती ऑर्लेत्सची. पेटरहॉफच्या दगड कारखान्यात हे काम कित्येक वर्षं चाललं आणि १९०६ मध्ये दोन्ही बसवल्या. एवढ्या जड दगडाला एक कोपरा न उडवता घासत घासत आरशासारखं करायचं म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी दगड पॉलिश केलाय त्यालाच कळेल. हर्मिटाज म्युझियममध्ये पण ऑर्लेत्सच्या फुलदाण्या आहेत, आणि फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या कारागिरांनी छोट्या डब्या, फोटोफ्रेम असल्या वस्तूंना हाच दगड वापरलाय.

याचं कारण दगडाच्या बांधणीत आहे. ऱ्होडोनाइटचा एकेकटा स्फटिक तसा नाजूक, दोन दिशांना सरळ चिरतो, जवळजवळ काटकोनात. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला लालभडक पारदर्शक स्फटिक मिळालेत, बघत राहावं असे, पण हिऱ्यासारखे पैलू पाडायला गेलं तर दहातले किती हातात राहतील देव जाणे, म्हणून ते संग्राहकांच्या कपाटात जातात. पण हेच बारीक बारीक कण एकमेकांत घट्ट विणले गेले की जो सलग दगड तयार होतो तो चिवट असतो, कापायला पण चांगला आणि चकाकी पण धरतो. सजावटीला तोच लागतो.

प्रश्न: वडील मँगनीजच्या खाणीत कामाला होते, रामटेककडे. घरी त्यांनी आणलेला एक दगड आहे, बाहेरून डांबरासारखा काळा, एका बाजूने फुटलाय तिथे आतून गुलाबी. हा तुमचा ऱ्होडोनाइट आहे का? विकला तर किती येतील? (नागपूर)

पत्र वाचलं आणि दोन मिनिटं हसू येत होतं, कारण लोक मॉस्कोचं विचारतायत आणि दगड नागपूरच्या कपाटात!

असण्याची शक्यता चांगली आहे. नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट हा सगळा मँगनीजचा पट्टा, मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं तुमच्या घरात रोज निघत असतील. या पट्ट्यात एक खडक आहे त्याला गोंडाइट म्हणतात, मँगनीजचा गार्नेट आणि क्वार्ट्झ, आणि त्यात मधून मधून ऱ्होडोनाइट. नाव ठेवलं भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मोर यांनी, १९०९ मध्ये त्यांचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ आला, आणि नाव आलं ते गोंडांवरून. जगात कुठेही असा खडक सापडला की पाठ्यपुस्तकात तो गोंडाइटच. आपल्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे कुणास ठाऊक, मला पण कॉलेजात दुसऱ्या वर्षाला कळलं आणि तेव्हा वाटलं होतं की हे शाळेत का नाही सांगितलं.

बाहेरचा काळा थर म्हणजे ठाण्याच्या पत्रातली तीच गोष्ट, फक्त इथे रेघ नाही तर आख्खं साल. उन्हापावसाने वरचं मँगनीज काळं पडलं, आतलं गुलाबी वाचलं. सूत्राच्या हिशोबाने ऱ्होडोनाइटमध्ये ४० टक्क्यांच्या वर मँगनीज असू शकतं, तरी खाणीला तो फारसा नको असतो, कारण ते मँगनीज सिलिकाच्या तावडीत असतं आणि भट्टीवाल्याला सिलिका म्हणजे डोकेदुखी. त्याला काळं ऑक्साइड हवं. म्हणजे तुमच्या वडिलांनी घरी नेलेला तुकडा बहुतेक कुणी बाजूला फेकलेला असणार.

पण एक सांगून ठेवते, याच भागात पीडमाँटाइट नावाचं अजून एक मँगनीजचं खनिज आहे, ते पण लालगुलाबी, आणि नुसत्या डोळ्यांना माणूस फसतो. ते जास्त करून जांभळट लाल असतं, सुयांसारखं किंवा कणाकणांनी खडकात पसरलेलं. खात्री करायची तर नागपूरच्याच एखाद्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात घेऊन जा, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं. फोडू मात्र नका.

विकण्याचं म्हणाल तर मी विकणार नाही. बाजारात जे मणी आणि पेंडंट मिळतात त्यांचा कच्चा माल पेरू, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणांहून येतो आणि त्यात तुमच्या एका दगडाला भाव काही फार मिळणार नाही. एका बाजूने सपाट कापून पॉलिश करून घ्या, गुलाबी तोंड आणि बाकी काळं साल तसंच ठेवा, आणि वडिलांच्या फोटोशेजारी ठेवा. कापणाऱ्याला पाण्याखाली कापायला सांगा, कोरडं नको, मँगनीज आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

प्रश्न: रोज घालायला अंगठी चालेल का? आणि साफ कशी करायची? (कोल्हापूर)

अंगठी नको. पेंडंट, कानातले, ब्रोच, मण्यांची माळ, सगळं चालेल. अंगठी दिवसभरात भांड्यांना, दाराच्या कडीला, गाडीच्या हँडलला लागत असते आणि साध्या धुळीत वाळूचे कण असतात, ते ७ चे, तुमचा दगड सहाचा, हळूहळू चकाकी जाते. घालायचीच असेल तर लग्नकार्यापुरती, आणि घुमटाकार कटची घ्या, ज्याला कॅबोशॉन म्हणतात, कडेला चांदी वर आलेली असली की दगडाला आधार मिळतो.

साफ करायचं म्हणजे कोमट पाणी, थोडा साधा साबण, मऊ ब्रश, आणि मऊ कपड्याने कोरडं. संपलं. गरम वाफ नको, सोनाराकडचं अल्ट्रासोनिक मशीन नको. आणि हे खास आपल्या घरांसाठी सांगते, चांदी उजळायला आपण चिंच, लिंबू, रांगोळी जे काही लावतो ते या दगडाच्या चांदीला लावायचं नाही. माझ्याच हातून झालंय. दिवाळीच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायला बसले होते, त्या भरात कानातले पण रांगोळीने घासून काढले, चांदी लखलखली आणि दगड असा धुरकट झाला जसा चष्म्यावर श्वास सोडलाय. परत पॉलिश करायला कानातल्यातून काढावे लागले आणि एकाची कड उडाली ती उडालीच. अजून घालते ते, केस मोकळे सोडून.

प्रश्न: माणकाला पर्याय म्हणून ऱ्होडोनाइट घातला तर चालतो का? आणि दगड टाकलेलं पाणी प्यायल्याने मन शांत होतं असं एका रीलमध्ये पाहिलं. (सोलापूर)

नवरत्नांत हा नाही. माणिक म्हणजे कोरंडम, कठीणपणा ९, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, दोघांचं नातं काही नाही, रंग सोडला तर. आणि पाणी पिऊ नका बाबा, मँगनीजचा दगड आहे तो, त्यात काळं ऑक्साइड, शिवाय पॉलिशचं मेण आणि भेगा भरायला कधी कधी रेझिन घालतात. मन शांत करायचं तर दगड हातात धरून बसा, गार लागतो, तेवढं मी मान्य करते.

प्रश्न: नवीन बंगला बांधतोय. तुळशी वृंदावनाला गुलाबी ऱ्होडोनाइटच्या फरशा लावायच्या असं मिसेसचं म्हणणं आहे, अमेरिकेत भाचीच्या इथे तिने हा दगड पाहिला. आर्किटेक्ट म्हणतो ग्रॅनाइट लावा. कुणाचं ऐकू? (सांगली)

भाचीचं घर मॅसॅच्युसेट्सला आहे का हो? तिथे हा राज्याचा अधिकृत रत्नदगड आहे, १९७९ पासून, प्लेनफिल्ड नावाच्या गावाजवळ मिळतो म्हणून विचारलं.

वहिनींची आवड चांगली आहे पण जागा चुकली. वृंदावन उघड्यावर, रोज पाणी, उन्हाळ्यात ऊन आणि पावसात चार महिने भिजणार, म्हणजे नागपूरच्या त्या दगडाचं जे झालं तेच तुमच्या फरशांचं होणार, हळूहळू गुलाबी फिकं पडत तपकिरी आणि मग काळपट. मॉस्कोचा ऱ्होडोनाइट जमिनीखाली आहे, सेंट पीटर्सबर्गचा छपराखाली आहे, बाहेर कुणी लावत नाही त्याला कारण आहे. वृंदावनाला आर्किटेक्टचं ऐका.

पण देवघरात लावा ना! पूर्ण भिंत नको, खर्च पण वाढेल आणि एवढं गुलाबी डोळ्यांना जड होतं, काळं जाळं मोठ्या भिंतीवर थोडं अंगावर येतं. देवाच्या चौरंगामागे दीड दोन फुटांची एकच पाटी, किंवा समईखाली एक जाड चकती. पाटी निवडताना गोदामात जाऊन ओली करून बघा, ओला दगड पॉलिश केल्यावर जसा दिसेल तसा दिसतो आणि भेगा पण पाण्याने उघड्या पडतात, वरचं पाणी सुकलं तरी भेगेत ओल रेघेसारखी राहते. जी रेघ सगळ्यात शेवटी सुकेल तिथे बोट फिरवा, नखाला अडकली तर तो तुकडा घेऊ नका. समईखालच्या चकतीला मात्र तेल मुरतं, म्हणून दुकानदाराकडून आधी सीलर मारून घ्या आणि वर पितळी ताट ठेवून मगच समई.